घरच्या घरी अंतराळवीराचं चिलखत: माती, साचा आणि फायबर

कॉमिक कॉन, कॉलेजचं गॅदरिंग किंवा मित्रांची शॉर्टफिल्म जवळ आली की वाचकांकडून तेच प्रश्न येऊ लागतात. विज्ञानपटातल्यासारखं हेल्मेट आणि चिलखत करायचंय, तर माती कोणती घ्यावी? सिलिकॉन किती लागेल? रेझिन फ्लॅटमध्ये वापरलं तर चालेल का? आणि झाल्यावर एखादं विकलं तर कोणी नोटीस पाठवेल का? बहुतेकांनी परदेशातले व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यातला माणूस स्वतंत्र गॅरेजमध्ये, महागड्या सामानाच्या डब्यांमध्ये उभा असतो. तुमच्याकडे असते गॅलरी, एक रविवार आणि खाली राहणारे शेजारी. म्हणून इथलं सामान, इथली हवा आणि इथला कायदा धरून सांगतो.

आधी ठरवा: साचा लागतो का?

माझं मत स्पष्ट आहे. साचा फक्त हेल्मेटचा काढा. छाती, पाठ, खांदे, मांड्या हे सगळं ईव्हीए फोममध्ये करा. फोमचा खांदा एका संध्याकाळी होतो, वजनाला नगण्य असतो आणि लोकलच्या गर्दीत दबला तरी पूर्ववत होतो. तोच खांदा मातीत घडवून, साचा काढून फायबरमध्ये ओतायचा तर आठवडा जातो आणि अंगावर ओझं चढतं.

हेल्मेटची गोष्ट निराळी. त्यात दुहेरी वळणं असतात, लोक जवळून पाहतात, आणि फोमचा गोल टाळू गुळगुळीत करणं जिकिरीचं असतं. तरीही एकच प्रत हवी असेल आणि थ्रीडी प्रिंट काढून देणारं कोणी ओळखीचं असेल, तर प्रिंट घ्या, लांबी भरून घासा आणि रंगवा. साच्याच्या वाटेला जाऊच नका. साचा परवडतो तो तीन कारणांसाठी: दोनपेक्षा जास्त प्रती हव्यात, आकार पूर्ण तुमच्या कल्पनेतला आहे, किंवा हाताने घडवण्यातच तुम्हाला रस आहे. तिसरं कारण मला सर्वांत जास्त पटतं.

मापात चुकलं तर पुढचं सगळं वाया

चार मापं घ्या: कपाळावरून डोक्याचा घेर, दोन कानांमधली रुंदी, नाकाच्या टोकापासून मागच्या कवटीपर्यंतची खोली, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची. घेर मोठ्या माणसांत साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर असतो. चष्मा, अंबाडा, दाढी हेही मापात धरा. मग चारही बाजूंनी आतून दोन ते अडीच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. तिथे फोमच्या गाद्या बसतील आणि हवा खेळेल.

नवशिक्यांच्या हातून हमखास राहतं ते मानेचं भोक. हेल्मेट दिसतं सुंदर, पण डोकं आत जात नाही. खालचं तोंड इतकं रुंद ठेवा की हनुवटी आणि मागची कवटी एकदम आत सरकेल. डिझाइनमध्ये मान आवळलेलीच हवी असेल, तर मागचा तुकडा वेगळा करून चुंबकाने बसवण्याची तजवीज आधीच ठेवा.

पार्लरच्या सामानाच्या दुकानात थर्मोकोलचं डोकं मिळतं. ते बहुधा खऱ्या डोक्यापेक्षा लहान असतं. त्यावर पट्टीवर पट्टी गुंडाळून ते स्वतःच्या मापाला आणा. स्वतःच्या डोक्याचा प्लास्टरचा ठसा घ्यायची या कामासाठी काहीच गरज नाही. आणि हात, पाय किंवा चेहरा प्लास्टरच्या बादलीत कधीही बुडवू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, आणि जाड थरात अडकलेला अवयव बाहेर काढता येत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत हाताचा ठसा घेण्यासाठी हात असेच प्लास्टरमध्ये घातले आणि जवळजवळ सगळी बोटं गमावली.

माती कोणती?

- शाडू: स्वस्त, गणपतीच्या हंगामात सगळीकडे मिळते, बारीक काम उत्तम घेते. पण वाळताना आकसते आणि तडकते. काम थांबवलं की ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक झाका. साचा माती ओलसर असतानाच घ्या.
- तेलाची माती, म्हणजे प्लास्टिसिनच्या जातीची: वाळत नाही, महिनाभर सावकाश काम करता येतं, पुन्हा वापरता येते. मात्र काही प्रकारांत गंधक असतं. ते पुढे सिलिकॉनला कसं नडतं ते खाली सांगितलं आहे.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याने तेलाची माती घ्यावी. शाडू रोज लक्ष मागते.

सगळं डोकं भरीव मातीचं करू नका. फळीवर पाइप घट्ट बसवा, त्यावर तुमच्या मापाचं थर्मोकोलचं डोकं आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर मातीचा थर. थर्मोकोल पॅकिंगच्या टेपने पूर्ण झाका. स्प्रे रंग आणि पॉलिएस्टर रेझिन दोन्ही थर्मोकोल विरघळवतात.

घडवताना

देवाच्या मूर्तीत किंचित असमानता खपते, कधी शोभतेही. यंत्रासारख्या दिसणाऱ्या चिलखतात ती लगेच डोळ्यांत खुपते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. हेल्मेटच्या एका बाजूचा कार्डबोर्डचा साचेवजा नमुना कापा आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. मधली रेषा आखून ठेवा आणि काम संपेपर्यंत ती पुसू देऊ नका. मोबाइलवर समोरून फोटो काढून तो आडवा उलटा करून पाहा. जो गाल फुगलाय तो लगेच उघडा पडतो.

सपाट पट्ट्या, कानावरच्या चकत्या, काचेची चौकट या गोष्टी मातीत कोरत बसू नका. सनबोर्ड किंवा अॅक्रिलिकमधून कापा आणि मातीत रोवा. धार मिळते ती खरी धार.

आता या लेखातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. मातीवर आरशासारखा पृष्ठभाग मिळवायचा प्रयत्न करू नका. मातीत आकार नव्वद टक्के आणा. मग त्यावरून प्लास्टरचा एकदाचाच साचा घ्या, त्यात फायबरची एक कच्ची प्रत काढा, आणि ती प्रत गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडची पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासा. १२० पासून सुरू करा, २२०, ४०० आणि शेवटी ८०० नंबर, तोही पाण्याने. प्रायमरचा हात दिल्यावर सगळे खड्डे दिसतात. पुन्हा भरा, पुन्हा घासा. ही झाली तुमची मूळ प्रत. खरा साचा हिच्यावरून काढायचा. काम दुप्पट वाटतं, पण पुढे प्रत्येक प्रत घासण्याचे श्रम वाचतात. शिवाय मूळ प्रत कडक असल्याने साचा फसला तरी ती शाबूत राहते. माती मात्र पहिल्याच साच्यात मोडते.

साच्याचे पर्याय

प्लास्टर: स्वस्त, पण एकदाच उपयोगी. कडक प्रत कडक साच्यातून सुटत नाही, साचा फोडावा लागतो. कच्च्या प्रतीसाठी ठीक. बळकटीसाठी दुसऱ्या थरात काथ्या घाला, मूर्तिकार घालतात तसा. ओतण्याआधी प्लास्टर सुकू द्या आणि आतून वॅक्सचे हात मारा. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका. ते पाइपात दगड होतं आणि सोसायटीत तुमचं नाव होतं.

लॅटेक्स, म्हणजे रबरी साचा: गणपतीच्या कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. पातळ थर, वाळवणं, पुन्हा थर असं बरेच दिवस चालतं. स्वस्त आहे, पण आकसतो. मूर्तीला चालतं, नेमक्या मापाच्या हेल्मेटला तितकं नाही.

सिलिकॉन: महाग, पण बारीकसारीक रेषा टिपतो आणि काही वर्षं टिकतो. हेल्मेटसाठी मी हाच सुचवतो.

सिलिकॉनचे दोन प्रकार दुकानात भेटतील. एक टिनवर घट्ट होणारा, दुसरा प्लॅटिनमवर. प्लॅटिनमवाला जवळजवळ आकसत नाही, पण गंधकाची माती, लॅटेक्सचे हातमोजे, काही रंग यांच्या संपर्कात तो कायमचा चिकट राहतो, घट्टच होत नाही. टिनवाला थोडा आकसतो, पण इतका नाजूक नाही आणि स्वस्तही पडतो. पहिल्या साच्याला टिनवाला घ्या. कोणताही घेतलात तरी मूळ प्रतीवर वापरलेल्या मातीच्या, पुट्टीच्या, प्रायमरच्या तुकड्यावर चमचाभर आधी लावून बघा.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. डोकंभर हेल्मेटचं बाहेरचं क्षेत्रफळ अंदाजे २५०० चौरस सेंटिमीटर धरा. थर ६ मिलिमीटरचा. म्हणजे १५०० घन सेंटिमीटर, वजनात साधारण पावणेदोन किलो. सांडलवंड आणि कडा धरून अडीच किलो आणा. मिश्रण वजनकाट्यावर मोजा, डोळ्यांनी नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते लवकर घट्ट होतं, म्हणून तेव्हा थोडं थोडं कालवा.

पहिला हात अगदी पातळ, ब्रशने, खाचाखोचांत बुडबुडा राहणार नाही असा. तो चिकटसर असताना दुसरा. तिसऱ्या-चौथ्या हाताला घट्ट करणारी पूड घाला किंवा मेडिकलमधली जाळीदार पट्टी थरात बसवा. सिलिकॉनच्या बाहेरच्या अंगाला काही उंचवटे ठेवा, म्हणजे बाहेरचं कवच त्यात अडकून जागेवर बसेल.

हे बाहेरचं कवच हवंच. नुसता सिलिकॉन मोज्यासारखा लोळागोळा होतो. फायबरचं किंवा प्लास्टरच्या बँडेजचं, दोन भागांत, मध्ये मातीची भिंत उभी करून ते करा. पहिला भाग घट्ट झाला की भिंत काढा, कडेला व्हॅसलीन लावा, मग दुसरा. कडांना भोकं पाडून नट-बोल्ट लावा. सिलिकॉनही दोन भागांत करणार असाल तर व्हॅसलीन विसरू नका. सिलिकॉन इतर बहुतेक वस्तूंना धरत नाही, पण सिलिकॉनला मात्र असा धरतो की सुरीच लागते.

ओतताना आणि घरात काम करताना

प्रत दोन प्रकारे निघते. दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन साच्यात थोडं ओतून साचा हातात फिरवत राहायचं, घट्ट झालं की पुन्हा. तीन-चार फेऱ्यांत ३ मिलिमीटरचं हलकं कवच मिळतं. दुसरा मार्ग पॉलिएस्टर रेझिन आणि फायबर मॅटचा. स्वस्त, टणक, सामान सहज मिळतं, आणि आपल्याकडे हेच जास्त चालतं. आधी जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या रेझिनच्या थराचा, हात, मग ३०० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर पुरतात. तिसरा थर घालायचा मोह आवरा. वजन मानेवर येतं.

पॉलिएस्टरबरोबर दुकानदार दोन बाटल्या देतो: हार्डनर आणि कोबाल्टचा अॅक्सिलरेटर. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, त्यानंतरच हार्डनर घाला, साधारण शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. तसं मिळतं.

बाकी पथ्यं:

- हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कडेने बंद असलेला गॉगल घाला. उडालाच तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि थेट रुग्णालयात जा.
- कापडी किंवा एन-९५ मास्क रेझिनची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मिळतो. एन-९५ घासतानाच्या धुळीसाठी ठेवा.
- बंद खोलीत, स्वयंपाकघराजवळ, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ रेझिन उघडू नका. त्यातलं स्टायरिन पेट घेतं. गच्चीची परवानगी सोसायटीकडून आधी घ्या.
- उरलेलं रेझिन डब्यातच तापतं. गरम डबा कचऱ्यात टाकू नका. थंड आणि टणक होऊ द्या.
- फायबर घासायचं ते पाण्याने, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. त्याची खाज दोन दिवस जात नाही.
- घरात गर्भवती, दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर हे काम घरात नकोच.

पावसाळ्यात दोन अडचणी येतात. प्लास्टर सुकत नाही, आणि दमट हवेत स्प्रे केलेला लॅकर पांढरट पडतो. रंगकाम ऑक्टोबरनंतर ठेवलंत तर बरं.

अंगावरचा भाग: फोम

जिमच्या जोडमॅटचा १० मिलिमीटरचा फोम मुख्य भागांना, ४ ते ६ मिलिमीटरचा वरच्या पट्ट्यांना. जुना टी-शर्ट घालून त्यावरून चिकटपट्टी गुंडाळा, मार्करने चिलखताच्या रेषा आखा, मित्राकडून तो टी-शर्ट कापून घ्या. तोच तुमचा बेतण्याचा नमुना. फोम कापताना ब्लेड दर थोड्या वेळाने बदला. बोथट ब्लेड फोम फाडतं. हीट गनने पृष्ठभाग तापवला की तो मिटतो आणि वळणही धरतो. जोडायला चपलांच्या कामात वापरतात तसलं कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह: दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग एकदाच नेमकं टेकवा. रंगाआधी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात द्या, नाहीतर फोम रंग पीत राहतो.

सगळं घालून खुर्चीत बसा, वाका, जिना चढा, आणि मदतीशिवाय स्वच्छतागृहात जाता येतं का पाहा. हसू नका. दिवसभराच्या कार्यक्रमात हाच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो.

हेल्मेटच्या काचेसाठी दुचाकीच्या हेल्मेटची गडद सुटी काच कापून बसते. आत पॉवर बँकवर चालणारा ५ व्होल्टचा छोटा पंखा आणि हनुवटीखाली छिद्रं ठेवा. दर अर्ध्या तासाने हेल्मेट उतरवा. सोबत चिलखत न घातलेला एक मित्र असू द्या. तुम्हाला पायाजवळचं काही दिसणार नाही.

कारागिराकडून करून घेणार असाल तर

पेण, हमरापूरकडचे मूर्तिकार किंवा शहरातले फायबरवाले हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईने करतात. फक्त आषाढ-श्रावणात त्यांच्या दारात जाऊ नका. नवरात्र उलटलं की जा. वेळही मिळतो आणि भावही.

पैसे देण्याआधी हे कागदावर आणा, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल: मापं, साहित्य, प्रतींची संख्या, तारीख, आगाऊ रक्कम, नापसंत पडल्यास किती दुरुस्त्या. आणि साचा कोणाचा? यावर वाद होतातच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा चित्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचं ठरतं. त्या यादीत शिल्प नाही. म्हणजे लेखी करार नसेल तर घडवलेल्या शिल्पाचा हक्क घडवणाऱ्याकडेच राहू शकतो. कल्पना आणि रेखाटन तुमचं असेल तर ते आधी तारखेसह त्याला पाठवा, आणि साचा व हक्क दोन्ही तुमचे राहतील असं लिहून घ्या.

काम बिघडलं किंवा आगाऊ रक्कम बुडाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही.

चित्रपटातलं हेल्मेट केलं, विकलं तर?

स्वतःच्या हौसेसाठी एक प्रत करणं आणि प्रती विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. विक्री, भाड्याने देणं, दुकानाच्या जाहिरातीत वापरणं याला ती लागू होईल असं धरू नका. पात्राचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क असू शकतं, तो धोका वेगळाच.

या बाबतीत 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपरच्या हेल्मेटचा दाखला हमखास दिला जातो. १९७७च्या मूळ चित्रपटासाठी ती हेल्मेटं बनवणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रती विकल्या. चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने खटला भरला आणि २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे हेल्मेट 'शिल्प' नाही, ती चित्रपटातली उपयोगाची वस्तू आहे, असा निकाल दिला. एवढं ऐकून लोक खूश होतात. पण तो निकाल ब्रिटिश कायद्यावरचा आहे. त्याच न्यायालयाने अमेरिकी कॉपीराइटचा दावा ब्रिटनमध्ये चालवायला मुभा दिली, आणि अमेरिकेत त्याआधीच एन्सवर्थ यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा एकतर्फी निकाल लागलेला होता. तेव्हा त्याच्या भरवशावर दुकान मांडू नका.

डिझाइन तुमचं स्वतःचं असेल तर उलट बाजूने सावध राहा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या वस्तू कारखानी पद्धतीने ५० पेक्षा जास्त झाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. मोठ्या विक्रीचा विचार असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करा. ती दहा वर्षं टिकते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. अर्ज मात्र इन्स्टाग्रामवर फोटो टाकण्याआधी करायचा. आधी जगजाहीर झालेलं डिझाइन नवीन मानलं जात नाही.

घराबाहेर पडताना

नकली बंदूक विमानात केबिनमध्ये नेता येत नाही. मेट्रो किंवा रेल्वे स्थानकात ती उघडी घेऊन फिरू नका, सुटी करून पिशवीत ठेवा. कार्यक्रमाचे शस्त्रांबद्दलचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा. धातूच्या वस्तू बहुधा दारातच काढून घेतात. आणि कितीही टणक झालं असलं तरी हे हेल्मेट अपघातात डोकं वाचवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ला ते चालतही नाही. दुचाकीवरून जाणार असाल तर डोक्यावर आयएसआय चिन्हाचं हेल्मेट घाला आणि हे मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या.